तेरा शुभेच्छुक आणि एक वळण

चालत्या गाडीतून रस्त्याकडेच्या पाट्या वाचायची सवय मला लागली ती भीतीपोटी. वाशीमकडच्या आमच्या खेड्यातून मी पहिल्यांदा कोल्हापूरला निघाले तेव्हा मला न्यायला आलेले काका एसटीच्या खिडकीला डोकं टेकून जे झोपले, ते दर थांब्याला नुसती कूस बदलायचे. आपलं गाव मागे पडलं, मग आपल्याला ऐकून ठाऊक असलेलं शेवटचं गावही मागे पडलं. हा माणूस उठलाच नाही तर आपण उतरायचं कुठं? म्हणून दिसेल ती पाटी मी वाचायला लागले. गावांची नावं, किलोमीटरचे दगड, खतांच्या जाहिराती, घाटातल्या सूचना. नावं वाचून व्हायची, सूचना मात्र व्हायच्या नाहीत. ‘सावधान, पुढे’ इथपर्यंत येईतो पाटी मागे जायची. पुढे काय आहे ते पाटीपाशीच राहायचं. मान वळवून मागे बघावं तर तिची कोरी पाठ दिसायची. मला वाटलं, माझंच वाचन कच्चं. आठवीत शाळा सोडलेल्या मुलीला इतकंच जमायचं. या गोष्टीची मला इतकी लाज वाटली की पुढे कितीतरी महिने मी ती कुणाला सांगितली नाही. तेव्हाच सांगितली असती तर एका माणसाचं गळ्याजवळचं हाड मोडलं नसतं, असं मला अजूनही कधीकधी वाटतं.

शाळा सोडायचं कारण साधं होतं. पुढचे वर्ग तालुक्याला होते, आणि आई गेल्यावर बाबांचा डबा करायला घरात दुसरं कोणी नव्हतं. बाबा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. दोन वर्षांनी ते स्वतःच भाकरी थापायला शिकले आणि मला म्हणाले, ‘‘आता तू मावशीकडे जाय. इथं राहून काय करशीन?’’ शकुमावशी आमच्याच गावची. तिचे यजमान, म्हणजेच काका, तरुणपणी गावोगाव भिंतींवर बियाण्यांच्या जाहिराती रंगवत फिरायचे, त्या फिरतीत आमच्या गावच्या पारावर आठ दिवस मुक्कामाला होते. आठ दिवसांत त्यांनी पाच भिंती रंगवल्या आणि लग्न ठरवून गेले. मावशीला मूल नव्हतं. तिचं पत्र आलं की पोरीला पाठवा, हाताला काही तरी कला लागेल. त्या पत्राच्या जिवावर मी आज इतकी वर्षं या गावात आहे.

शाहूपुरीत काकांचं दुकान होतं आणि मागच्या दोन खोल्यांत आमचं घर. दुकानात ऑइल पेंटचा आणि टर्पेंटाईनचा वास, आणि रस्त्यापलीकडून गुळाच्या रव्यांचा, म्हणजे ढेपांचा. दोन्ही वास एकमेकांत इतके मिसळलेले असायचे की सुरुवातीला मला गूळ खाल्ला तरी रंग खाल्ल्यासारखं वाटे. सकाळी हमालांची आरडाओरड, मग शेजारच्या छापखान्याची धडधड, आणि मधूनच स्टेशनावरची गाडीची शिट्टी. शिट्टी झाली की मी हातातलं काम थांबवायची. गाडी कुठं का जात असेना, मला ती घराकडेच निघाल्यासारखी वाटायची. मावशी स्वयंपाक कोल्हापूरचा करायची, कांदा-लसणाच्या चटणीनं लालभडक. पण काका कामाला बाहेरगावी गेले की दार लोटून आम्ही दोघी पातोडीची भाजी करायचो, आणि मावशीची बोलीही लगेच गावाकडची व्हायची. ‘‘काहून वं, रडतं काय?’’ म्हणायची. काका आले की पुन्हा ‘‘आवं, हात धुवा की.’’

काकांनी मला पहिले तीन महिने फक्त दोरी मारायला लावली. पत्र्याला पांढरा बेस दिला की खडूत बुडवलेली दोरी दोन टोकांना ताणायची, मधे चिमटीत उचलायची आणि सोडायची. टण्कन आवाज होऊन पत्र्यावर सरळ रेघ उमटते. त्या रेघांमध्ये अक्षर बसवायचं. ‘‘अक्षर पैलवानागत असतंय,’’ काका सांगायचे. ‘‘पाय रोवून हुभं ऱ्हायाला पायजे. तुझं हे बघ, एसटीत चढताना पाठीमागनं कुणी ढकलल्यागत पडाय लागलंय.’’ मी घाबरून पुसायची. मी सगळ्यालाच घाबरायची. ब्रश धुवायला विसरले असेन का, बेस वाळायच्या आधी हात लागला असेल का, आणि या सगळ्याच्या मुळाशी एकच भीती, की एखाद्या दिवशी ही दोघं म्हणतील, जा बाई परत. त्यांनी कधी तसं सुचवलंसुद्धा नाही. पण ज्याला कुणी ठेवून घेतलेलं असतं त्याच्या मनातून ते जात नाही.

दुकानासमोर रोज सकाळी दुधाचा टेम्पो थांबायचा. तो चालवायचे दत्तूअण्णा. शिरोळकडच्या गावांतून दूध गोळा करून कोल्हापूरला डेअरीत पोचवायचं, आणि परत जाताना आमच्याकडे चहा. मला ते नावानं कधी हाक मारायचे नाहीत. ‘‘काय वऱ्हाड, झाली का न्याहरी?’’ म्हणायचे. कुणाची म्हैस व्याली असली की चिकाच्या दुधाची किटली ठेवून जायचे आणि वर ऐकवायचे, ‘‘खरवस कर म्हणावं मावशीला. तुझ्या गावाकडं म्हशी नुसत्या शेण देत असतील.’’ मीही शेवटी धीर करून एकदा म्हटलं, ‘‘आमच्याकडच्या म्हशी निदान टेम्पोसारखा धूर तरी सोडत नाहीत.’’ त्या दिवशी काका इतके हसले की त्यांच्या हातची रेघ वाकडी गेली. कोल्हापुरात आपण राहू शकू असं मला पहिल्यांदा वाटलं ते त्या सकाळी.

मग एक दिवस दत्तूअण्णांबरोबर टेम्पोतून आप्पा वस्ताद उतरले. सांगलीकडून कोल्हापूरला येणाऱ्या रस्त्यावर, शिरोळ तालुक्याच्या हद्दीत एक गाव आहे. तिथल्या तालमीचे हे वस्ताद. गावाचं नाव मी लिहीत नाही. मोडलेले कान, पांढरा फेटा, आणि आवाज असा की पलीकडचे हमालही वळून बघायचे. गावाच्या तोंडाला रस्ता उसाच्या फडांमधून सरळ येतो आणि एकदम डावीकडे मोडतो. त्या महिन्यात दोन ट्रक तिथं उलटले होते, एकातला माणूस दगावला होता. तालमीच्या पोरांनी ठरवलं, आपण पाटी लावायची.

‘‘पेंटर, मोठी पाटी पायजे. चार बाय सहा. गावाचं काम हाय, हयगय नगं,’’ आप्पा म्हणाले आणि वहीचं एक पान त्यांनी उलगडलं. ‘‘मजकूर गुरुजींकडनं लिवून आणलाय.’’

काकांनी वाचलं: ‘‘सावधान. पुढे अपघातप्रवण वळण असल्याने सर्व वाहनचालक बंधूंनी आपली वाहने सावकाश व काळजीपूर्वक चालवावीत, ही नम्र विनंती.’’ मग सौजन्य म्हणून तालमीचं नाव, मग अध्यक्ष म्हणून आप्पांचं, मग शुभेच्छुक.

‘‘शुभेच्छुक किती?’’

‘‘बारा हैत. आणि तेरावा ह्यो दत्तू. खांब आणि खडी ह्यानंच टेम्पोतनं आणून दिली. त्याचं नाव न्हाय घातलं तर बरं दिसत न्हाय.’’

‘‘कशाला आप्पा,’’ दत्तूअण्णा म्हणाले, पण चेहरा खुलला होता.

‘‘गप. नावं मोठी काढा पेंटर. लांबनं दिसली पायजेत.’’

यात काही चुकतंय असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही. आमच्या दुकानात येणारी प्रत्येक पाटी अशीच असायची, मग ती पाणपोईची असो की स्मशानाच्या कमानीची. ज्यानं हात लावला त्याचं नाव पाटीवर आलंच पाहिजे. त्याच दिवशी काकांना कागलला भिंतींच्या कामासाठी जायचं होतं. जाताना ते मला म्हणाले, ‘‘ही तू काढ.’’ माझ्या हातातून डबा पडायचा राहिला. ‘‘पत्रा हाय, फाटत न्हाय. चुकलं तर टर्पेंटाईन हाय,’’ इतकं म्हणून ते गेलेसुद्धा.

ती माझी पहिली पाटी. चार दिवस मी तिच्यापुढे गुडघे टेकून होते. सूचना लाल, नावं काळी आणि त्यांना निळी शेड. तेरा नावं चार रांगांत बसवताना सूचनेची अक्षरं बारीक करावी लागली, पण नावं आप्पांनी सांगितल्यासारखी ठसठशीत आली. सगळं झाल्यावर सूचना आणि नावं यांच्या मधे चार बोटांची पट्टी उरली. रिकामी जागा दिसली की पाटी उघडी वाटते, असं काका म्हणायचे. तेवढ्यात स्टेशनावर शिट्टी झाली आणि माझ्या हातानं त्या पट्टीत लाल रंगात लिहिलं, ‘घरी कोणीतरी आपली आतुरतेने वाट पाहत आहे.’ कुणी सांगितलं नव्हतं. पाटी न्यायला आले तेव्हा आप्पांनी ती ओळ दोनदा वाचली, नाक शिंकरलं आणि मावशीला म्हणाले, ‘‘पोरगी डोसक्यानं हुशार हाय तुमची.’’ त्या रात्री मी आईच्या मरणानंतर पहिल्यांदा गाढ झोपले.

पाटी उभी राहिली त्याच्या तिसऱ्या दिवशी दत्तूअण्णा चहाला आले नाहीत. थोड्या वेळानं पलीकडच्या किराणा दुकानात फोन आला. टेम्पो त्या वळणावर उसात गेला होता. काका चहाचा कप तसाच ठेवून स्कूटरवरून गेले. मी मावशीला विचारलं, ‘‘पाटीपाशीच का?’’ तिनं काकांचा भरलेला कप उचलून आत नेला, आणि मला उत्तर मिळालं. मी दिवसभर ब्रश धूत बसले. धुतलेलेच पुन्हा पुन्हा. अण्णा गेले तर काय, आणि नाही गेले तरी आता ही दोघं मला ठेवतील कशी, हे दोन विचार आळीपाळीनं यायचे आणि दुसरा आला की मला स्वतःची किळस वाटायची. संध्याकाळी काका परत आले. गळ्याजवळचं हाड मोडलंय, दोन बरगड्या दुखावल्यात, बाकी माणूस ठीक आहे. ‘‘तुझी चौकशी करत हुता,’’ ते मला म्हणाले. मला ते फार वाईट लक्षण वाटलं.

दुसऱ्या दिवशी मावशीनं डबा बांधला आणि मला ओढतच दवाखान्यात नेलं. दत्तूअण्णा उशीला टेकून बसले होते, हात गळ्यात झोळीत.

‘‘ये वऱ्हाड,’’ ते म्हणाले. ‘‘तुझा बोर्ड वाचत वाचत उसात गेलो बघ.’’

‘‘काय बोलता अण्णा,’’ मावशी म्हणाली. ‘‘पोरगी कालपास्नं जेवली न्हाय.’’

‘‘खरं तेच सांगतो की. आप्पानं सांगितलंतं, दत्तू तुझं नाव झ्याक आलंय. दोन दिवस पाटीपुढं कोण ना कोण हुभंच, दिसलंच न्हाय. काल रस्ता मोकळा. पैल्या रांगंत बघितलं, न्हाय. दुसऱ्या रांगंत न्हाय. तिसरी संपली, चौथीत माझा ‘द’ दिसला, तवर समोर उसाची डबल ट्रॉली आणि रस्ता डावीकडं गेलेला. मी सरळ.’’ ते हसायला गेले आणि बरगडी धरून थांबले. ‘‘समदं दूध उसाला पाजलं. त्या फडात आवंदा साखर जास्तच उतरंल.’’

‘‘पण वर सावधान लिहिलं होतं,’’ मी कशीबशी म्हणाले.

‘‘सावधान वाचलं की. सावधान काय, लग्नात पन म्हंत्यात. त्याच्याफुडचं कोण वाचतंय? इतकं वाचायचं म्हंजे गाडी बाजूला घिऊन चहा सांगाय पायजे. मी रोजचा माणूस, मला वळण पाठ हाय, तरी गेलो. नवखा काय करंल?’’

आणि मला तो एसटीतला दिवस आठवला. ‘सावधान, पुढे’ आणि मग कोरी पाठ. म्हणजे माझं वाचन कच्चं नव्हतं. तेरा वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसालाही तेवढंच वाचता येत होतं. इतके महिने लपवलेली गोष्ट मी तिथं खाटेपाशी उभी राहून दोघांना सांगून टाकली. दत्तूअण्णा म्हणाले, ‘‘मग ती पाटी अजून हुभी हाय न्हवं तितं?’’

उभी होती. तेच तर होतं. त्यानंतर मला दुसरं काही सुचेना. जेवताना, दोरी मारताना, त्या पाटीखालून कोण जात असेल हेच डोळ्यांपुढे. काकांना सांगितलं तर ते दुखावले. ‘‘पाटी भरगच्च असली तर गिऱ्हाईक खूश हुतंय. आजपतूर कुणी तक्रार केली न्हाय माझ्या पाटीबद्दल.’’ मावशी चुलीपाशी होती. ती म्हणाली, ‘‘वाण्याची पाटी वाचताना कुणी उसात जात न्हाय. पोरगी काय म्हणती ते एकदा करून तर बघा.’’

मग आम्ही जे केलं त्याला शाहूपुरीतले लोक पुढे कितीतरी दिवस हसत होते. मार्केट यार्डाच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर, दुपारी, मावशी डोक्याला पदर घेऊन हातात फळी धरून उभी. फळीवर मी खडूनं मजकूर लिहायची. काका स्कूटर घेऊन यायचे आणि मागे नुकतेच दवाखान्यातून सुटलेले दत्तूअण्णा, गळ्यात अजून झोळी, जे वाचता येईल ते ओरडून सांगायला. मावशीच्या पुढे गेले की वाचायचं बंद. गुरुजींचा मजकूर दिला तेव्हा अण्णा ‘‘अपघात’’ इथवर पोचले. ‘वाहने सावकाश चालवा’ दिलं तेव्हा ‘‘वाहने सा’’. तिसऱ्या वेळी मी शब्द फिरवून ‘वेग कमी करा’ लिहिलं. ते पुरं वाचून झालं, पण वाचून काही करायच्या आत फळी मागे. मग मी अख्ख्या फळीवर एकच शब्द काढला, ‘हळू’. अण्णा लांबूनच ओरडले, ‘‘हळू’’, आणि काकांनी, मुद्दाम नव्हे, हातानं आपोआप, स्कूटरचा वेग कमी केला. मावशीपाशी येऊन ते थांबलेच. गाडी स्टँडला लावून त्यांनी फळीकडे बघितलं, मग माझ्याकडे. ‘‘पाय रोवून हुभं हाय अक्षर,’’ एवढंच म्हणाले.

आजकाल नातू मला गाडीतून फिरवतो तेव्हा त्याच्या फोनमधली बाई सांगते, पाचशे मीटरवर डावीकडे वळा. आधी सांगते, थोडं सांगते, काय करायचं तेच सांगते. मी तिला मनातल्या मनात शाबासकी देते. नातू म्हणतो, आजी, सीटचा हँडल सोड, मी हळूच चालवतोय. मी सोडत नाही. माझी भीती काही गेली नाही. फक्त तिचा कधी कधी उपयोग होतो, हे त्या दुपारी मला कळलं.

मग आम्ही आप्पांच्या गावी गेलो, तिथं तालमीपुढे माणसं जमली. काकांनी विषय काढला तशी आप्पांच्या कपाळावर आठ्या चढल्या. ‘‘नावं काढून टाकायची? आवं पेंटर, सवासनी जेवू घालून पाटी बसवली आम्ही. आता मी बारा घरांत जाऊन काय सांगू? गावात तोंड दाखवायला जागा ऱ्हायची न्हाय.’’

‘‘तेरा घरांत,’’ दत्तूअण्णा म्हणाले. ‘‘माझं पैलं काढा. त्या नावापायी ही झोळी आली.’’

‘‘तू नीट गाडी चालवली न्हाईस, त्याला पाटी काय करंल?’’

कुणीतरी हसलं, आणि सगळं तिथंच संपणार असं मला दिसलं. आम्ही चहा पिऊन परत जाणार, आणि पाटी उभी राहणार. मी म्हटलं, ‘‘आप्पा, तुम्ही एकदा काकांच्या मागे बसून या. तिकडून, जशी गाडी येते तसे. मग ठेवायची असेल तर ठेवा.’’

पोरीनं वस्तादांना असं सांगितलेलं बहुतेक त्या गावानं ऐकलं नव्हतं. आप्पांनी फेटा सारखा केला. ‘‘चला पेंटर,’’ म्हणाले, ‘‘पोरीचं समाधान करू.’’

स्कूटर लांब फडापर्यंत गेली, वळली आणि जोरात आली. आप्पा उतरले.

‘‘काय वाचलं?’’ दत्तूअण्णांनी विचारलं.

‘‘माझं नाव. ठसठशीत काढलंय पोरीनं.’’

‘‘आणिक?’’

‘‘तालमीचं नाव.’’

‘‘आणि गाडीवाल्यानं करायचं काय?’’

आप्पांनी पाटीकडे बघितलं, पण उभ्यानं वाचलेलं चालणार नाही हे त्यांचं त्यांनाच उमगलं असावं. ‘‘पेंटर, परत एकदा,’’ म्हणाले. पुन्हा गेले, पुन्हा आले. या वेळी उतरायला जरा वेळ लागला. ‘‘आवं,’’ ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच साध्या माणसाइतका झाला, ‘‘सावकाशपतूर येतच न्हाय की. मी जलमभर ह्या गावात ऱ्हातोय, आणि मला माझ्या नावाशिवाय काय दिसलं न्हाय.’’ मग त्यांनी मला विचारलं, ‘‘मग काय लिवायचं म्हंतीस?’’

‘‘हळू.’’

‘‘निस्तं हळू?’’

‘‘हळू मोठं. खाली ‘पुढे डावे वळण’. आणि पाटी इथं नको. इथं आल्यावर सांगून उपयोग नाही. तिकडं, त्या बाभळीपाशी.’’

नावं तालमीच्या भिंतीवर काढून द्यायचं काकांनी कबूल केलं. तिथं माणसं बसलेली असतात, सावकाश वाचतील. तेरा घरांपैकी एकानंही पुढे तक्रार केल्याचं माझ्या कानावर आलं नाही. पाटी खाली उतरवून आम्ही तालमीच्या ओट्यावर आडवी ठेवली. मी बेसचा डबा उघडला तेव्हा आप्पा म्हणाले, ‘‘ती वाट बघायची वळ तेवढी ऱ्हाऊ दे पोरी. परवा आमच्या म्हातारीला वाचून दाखवली तर रडली.’’

मी काकांकडे बघितलं. पण बोलले ते दत्तूअण्णा, आणि या एकदाच त्यांनी मला वऱ्हाड म्हटलं नाही. ‘‘बाळ, घरात कोण वाट बघतंय ते मला ठावं हाय. कुठल्याबी डायवरला ठावं असतंय. पाटीनं ते सांगायचं न्हाय. पाटीनं सांगायचं, रेसवरनं पाय काढ. मग आम्ही पोचतोच की घरात.’’

ती ओळ ड्रायव्हरसाठी नव्हतीच, माझी होती. मी ब्रश पांढऱ्यात बुडवला आणि ‘आतुरतेने’पासून सुरुवात केली. दोन हात दिल्यावर लाल रंग खालून गुलाबी दिसत होता. तिसरा हात दिला तेव्हा गेला.

त्यानंतर त्या वळणावर कुणी पडलंच नाही असं मी म्हणणार नाही. रस्ता तो रस्ताच. पण ट्रकवाले बाभळीपाशी पाय काढतात, गिअर बदलल्याचा आवाज तालमीत ऐकू येतो, असं आप्पा पुढे येईल त्या पाहुण्याला सांगायचे. आजूबाजूच्या गावांतून आमच्याकडे तसल्या पाट्या सांगून आल्या. एका गावाला नदीच्या पुराची पाटी पाहिजे होती, एकाला शाळेपुढची. मजकूर मी ठरवायचा आणि काकांनी मान डोलवायची, असं व्हायला लागलं. आता त्या रस्त्याचं रूप पार बदललंय, सरकारी हिरव्या पाट्या आल्यात, आमची पाटी कुठल्या गोठ्याच्या छपरावर गेली कोण जाणे.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर बाबा मला भेटायला आले. पंढरपूर, सांगली करत एसटीनं. मी स्टँडवर दोन तास आधीच जाऊन उभी होते आणि सांगलीकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या दारात तोंड घालत होते. शेवटी उतरले, हातात पिशवी, धोतराला प्रवासाची धूळ. बाबांना अक्षरं जुळवत जुळवत वाचता यायचं, सही करण्यापेक्षा थोडं जास्त. शाहूपुरीकडे चालताना त्यांनी विचारलं, ‘‘अन् काम काय करतं वं तू इथं?’’

‘‘पाट्या रंगवते. रस्त्यावरच्या.’’

‘‘रस्त्यावरच्या पाट्या मले वाचता येत नाहीत,’’ ते म्हणाले. ‘‘पहिलं अक्षर लावत नाही त गाडी पुढं.’’ मग काही तरी आठवून हसले. ‘‘पण आज एक वाचली. उसाच्या वावरात व्हती. मोठ्ठं लिहेल व्हतं, हळू. म्या ते वाचलं अन् तेवढ्यात डायवरनं गाडी हळू केली. मले वाटलं, म्या वाचलं म्हणूनच केली का काय.’’

‘‘पुरं वाचून झालं?’’

‘‘पुरं. वाचून झालं तरी पाटी समोरच व्हती.’’

मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली. तिच्यात काही तरी जड होतं, बहुतेक गावाकडची तुरीची डाळ.

‘‘चला बाबा,’’ मी म्हटलं, ‘‘मावशी वाट बघतेय.’’